भागूच्या नावाचे टाके

मी धोंडूबाई. कर्जतला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर वीस खाटांचं एक हॉस्पिटल हाय, तिथं मी सतरा वर्षं मावशी हाय. मावशीला काय काय करायला लागतं ते ज्यानं खाटेवर पडून बेडपॅन मागितलंय त्याला विचारा. पण ही गोष्ट माझी नाय, आमच्या मोठ्या सिस्टरची हाय. सांगता सांगता माझं डोकं तापणार, ते आधीच सांगून ठेवते. मला राग लवकर येतो, आणि आला की बिऱ्हाड करून राहतो.

मोठ्या सिस्टरचं नाव मैना. माहेर कळंबकडचं. वय सत्तेचाळीस, अंगानं काटकुळी, आवाज असा मऊ की नवीन पेशंटला वाटतं, हिला कोणी जोरात बोललं तर ही रडेल. रडतेय! एकदा दारू पिऊन आलेला एक नातेवाईक डाक्टरच्या अंगावर धावला. हिनं त्याची कॉलर धरली, बाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवला, आणि त्याच मऊ आवाजात म्हणाली, "दादा, पाणी प्या. परत उठलात तर तंगडी मोडीन, आणि प्लास्टर बी आमालाच घालायला लागंल." तो संध्याकाळपर्यंत हलला नाय.

तिला दोन नाद. एक पेशंट, दुसरा गोधड्या. दुपारची जेवणं झाली, औषधं देऊन झाली की वॉर्ड जरा निजतो. तेवढ्यात ती आमच्या खोलीत सतरंजीवर जुनी लुगडी पसरते, एकावर एक चार पदर, सुरकुती म्हणून ठेवत नाय, आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत येते. लुगडी लोकंच आणून देतात. कोणाची आई गेलेली असते, ट्रंकेत तिची लुगडी पडलेली असतात, नेसवत बी नायत आणि टाकवत बी नायत. मैना त्यांची गोधडी करून देते. नेरळची एक बाई तर गोधडी तोंडाशी धरून ओपीडीतच हमसाहमशी रडली. म्हणाली, "सिस्टर, आईचा वास हाय गं अजून." मैना तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली, बाहेर पेशंटची लाईन लागली तरी उठली नाय.

आणि दुपटी! जन्मलेल्या बाळाला पहिलं कापड जुनं लागतं, नवं घालायचं नाय, हे आपल्याकडं कुठल्याबी म्हातारीला विचारा. घाईघाईत आलेली माणसं नेमकं तेच विसरतात. मंग मैनाच्या पेटीतून दुपटं निघतं. पन्नास वेळा धुतलेल्या कापडाचं, लोण्यासारखं मऊ. त्यात बाळ गुंडाळून बापाच्या हातात देताना तिचं तोंड बघावं. मी कितीतरी देवळं फिरले, पण एवढी खूश झालेली बाई कुठल्या देवळात बघितली नाय.

मला वाटायचं, काय गुणाची बाय हाय, शिवताना देवाचं नाव घेते. ओठ हलायचे ना तिचे! एक दिवस जवळ बसून कान दिला. काय ऐकू यावं? "घे भागू. ही घे तुला. आणि ही घे." प्रत्येक टाक्याला एकेक.

"अगं बया," मी म्हटलं, "ही भागू कोण?"

"माझी जाऊ," मैना म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

म्हणजे बघा, पेशंट गोधडीत गुरगुटून निजायचे, बाळं दुपट्यात हसायची, आणि त्या सगळ्याला टाका न् टाका शिव्यांचा. त्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं.

अठराव्या वर्षी मैनाचं लग्न झालं खालापुरात, खोपोलीच्या लायनीवरच्या एका गावात. नवरा सदू. घरात सासू नव्हती, म्हणून थोरली जाऊ भागूबाई हीच सासू आणि हीच सासरा. लग्नाला दोन वर्षं झाली, लावणीचे दिवस होते, आणि सदूला ताप भरला. पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे आधी लाल झाले, मंग पिवळे. मैना दहावी शिकलेली. ती म्हणाली, "खोपोलीला डाक्टरकडं नेऊ." भागूबाई म्हणाली, "गप बस शाणे. कावीळ हाय ती. डाक्टरच्या सुईनं कावीळवाला मरतो. उतरवून आणू."

कावीळ उतरवणारा चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळं होतं आणि बघणारे म्हणतात, उतरली! तसं झालं. पाणी पिवळं झालं आणि सदू बी पिवळाच राहिला. तिसऱ्या दिवशी परत उतरवली. मैना रोज जावेच्या पाया पडत होती, रोज. पाचव्या दिवशी सदूची लघवी बंद झाली आणि सहाव्या दिवशी तो गेला. चोवीस वर्षांचा होता. तो उंदराचा ताप होता, डाक्टर लेप्टो म्हणतात, शेतातल्या पाण्यातनं होतो तो. वेळेत औषध दिलं तर माणूस उठून बसतो. हे मैनाला नंतर अलिबागला नर्सिंगच्या पुस्तकात कळलं. म्हणाली, "धोंडू, ते पान वाचलं त्या दिवशी मी होस्टेलच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं."

पण खरी आग पुढं हाय. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तासभर सगळी भावकी भिजत उभी. लोकांत कुजबुज चाललेली, जवान माणूस पाच दिवस घरात ठेवलाच का म्हणून. भागूबाईनं ती ऐकली. आणि सगळ्यांच्या देखत मैनाकडं बोट करून म्हणाली, "कावळा शिवंल कसा? हिनंच त्याला कायतरी खायाला घातलंय!"

झालं. आपल्या गळ्यातला धोंडा काढला आणि वीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधला. थोरला दीर खाली बघत राहिला. तोंडातून निघालेलं कुठं परत येतं? मैना माहेरी आली तर तिच्या आधी ते वाक्य येऊन बसलेलं. सख्ख्या भावाची बायको तिच्या हातचा चहा प्यायची नाय. "नको, आता नको," म्हणायची आणि मोरीत ओतायची. नवऱ्याला विष घातलेली बाय, तिला दुसरं स्थळ कुठून येणार? तिनं सासरहून येताना सदूचे चार सदरे गाठोड्यात लपवून आणले होते. मेलेल्याचे कपडे ठेवत नायत, तिनं ठेवले. त्यांची गोधडी शिवली, जन्मातली पहिली. तेव्हापासनं टाका भागूच्या नावाचा.

आणि औषधं बी तिच्याच नावाची. तापाचा माणूस बरा होऊन चालत घरी निघाला की मैना दारात उभी राहून मला म्हणायची, "गेला बघ, भागूच्या नाकावर टिच्चून." कधी म्हणायची, "तिनं हाकललं नसतं तर मी अजून तिच्या मोरीत भांडी घाशीत बसले असते. हे हॉस्पिटल, ही बाळं, मला दिसली असती? तिचे उपकार हायेत माझ्यावर. एक दिवस फेडणार." माझ्या अंगावर काटा यायचा. आणि खोटं कशाला बोलू, बरं बी वाटायचं.

तो दिवस दोन वर्षांपूर्वी आला. ऑगस्ट महिना. वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरलेला. दुपारी एका म्हातारीला तिच्या मुलानं टेंपोतून आणली. चौथ्या दिवसाचा ताप, डोळे हळदीसारखे. मैनानं केसपेपरवरचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. भागूबाई. मुलगा निलेश, खोपोलीला कंपनीत कामाला.

"चार दिवस कुठं होतात?" डाक्टरनी विचारलं.

निलेश मान खाली घालून म्हणाला, "आई ऐकत नव्हती. दोनदा कावीळ उतरवून आणली."

पंचवीस वर्षं गेली, घरात मोबाईल आले, फ्रीज आले, पण चुन्याचं पाणी काय सुटलं नाय! मी मैनाकडं बघितलं. तिच्या तोंडावर मास्क होता, मला फक्त डोळे दिसले. असे डोळे मी पेशंटसमोर कधी बघितले नव्हते.

मी तिला बाजूला ओढली. "दोन तास बेडपॅन नाय देत मी थेरडीला. लोळू दे घाणीत."

"धोंडू," ती म्हणाली, "बेडपॅन वेळेवर द्यायचं. चादर ओली दिसली तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाय. ती मेली तर सुटली. मला ती जिती पायजे."

आणि अशी सेवा केली तिनं, की मी तोंडात बोट घातलं. सलाईन, इंजेक्शन, लघवी मोजणं, अंग पुसणं, सगळं स्वतः. भागूबाईनं ओळखलं नाय. तोंडावर मास्क, अंगावर युनिफॉर्म, आणि सगळे हाक मारणार मोठ्या सिस्टर. वर म्हातारी म्हणते कशी, "कुणाची गं तू पोरी? देवमाणूस हायेस." मैना म्हणाली, "निजा आजी." मी संडासात जाऊन दोन शिव्या देऊन आले.

तिला थंडी वाजत होती, हॉस्पिटलचं ब्लँकेट पुरेना. मैनानं आपलं कपाट उघडलं आणि सदूच्या सदऱ्यांची गोधडी काढली. मी म्हटलं, "येडी झालीस काय?" ती म्हणाली, "बघू तरी, ओळखते का."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर भागूबाईची नजर गोधडीवर गेली. चौकड्यांच्या एका सदऱ्याचा खिसा मैनानं तसाच ठेवला होता, त्याला लाल दोऱ्याची शिवण होती. म्हातारी बोट फिरवत बसली. मंग एकदम ओरडली, "हा सदूचा सदरा! हा खिसा मी शिवलाय!"

मैनानं मास्क खाली केला. "हो. मी मैना."

म्हातारी माफी मागंल असं वाटतं ना? मला बी वाटलेलं. तिनं काय केलं ठाऊक हाय? हातातलं सलाईन उपसून काढलं आणि बोंब ठोकली, "ही मला मारणार! हिच्या हातचं कायबी मला नको!" दात घट्ट मिटून घेतले. गोळी नको, पेज नको, पाणी नको. आमची दुसरी सिस्टर जागृती, चोवीस वर्षांची पोर, ती घेऊन गेली तर तिच्याही अंगावर थुंकली. "तिनंच दिलंय तुझ्याकडं!" निलेश रडकुंडीला आला. डाक्टर म्हणाले, लघवी कमी होतेय, उद्या संध्याकाळपर्यंत औषध घेतलं नाय तर पनवेलला हलवायला लागंल, आणि तिथवर टिकतील का ते सांगता येत नाय.

वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटनी बी ऐकलं. तीन नंबरच्या बाईनं मैनाच्या हातची गोळी घेतली, पण उशीखाली सरकवली. मी डोळ्यांनी बघितलं. मैनानं बी बघितलं. वीस वर्षं ह्या हातांनी कमावलेलं नाव, आणि म्हातारीनं एका बोंबेत चुलीत घातलं. त्या दुपारी मैनानं सुई हातात घेतली नाय. खोलीत बसून हातांकडं बघत होती. म्हणाली, "धोंडू, इथं बी ओतायला लागले गं."

पुढल्या दिवशी चार वाजता भेटायची वेळ. भागूबाईच्या गावाहून सात-आठ बाया टेंपो करून आल्या, केळी, शहाळी घेऊन. त्यातल्या दोघी-तिघी दहाव्याला नदीवर उभ्या असलेल्या. भागूबाई त्यांना बघून रडायला लागली. "बघा गं, ही सदूची बायको! मला बी खायाला घालून मारायला बसलीय!"

बाया मैनाकडं बघायला लागल्या. माझा हात शिवशिवला. मी पुढं सरले, तर मैनानं मला मागं ढकलली. हातात सलाईनची सुई आणि ट्रे होता. ती खाटेशी जाऊन उभी राहिली. आता तिला 'आजी' म्हणाली नाय. जावेला नावानं हाक मारली.

"भागूबाई, आज कितवा दिवस?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"निलेश, तुझ्या आईच्या तापाचा आज कितवा दिवस?"

"सहावा," निलेश म्हणाला.

"सहावा," मैना म्हणाली. "सदूचं सहाव्या दिवशी काय झालं ते हिला म्हाईत हाय, तुमाला बी म्हाईत हाय. आता ऐका. औषध माझ्या हातात हाय. मी द्यायला तयार हाय, कालपासून तयार हाय. डाक्टर बी हायेत, ते बघतील मी काय देते. नको असंल तर निलेशनं सही करावी आणि घरी न्यावी. चुना हाय, पाणी हाय. ही मेली तर लोकं म्हणतील, बिचारी, मैनानं मारली. चालंल मला, एक मारलाय म्हणतात, दोन म्हणतील." मंग ती वाकली. आवाज तोच, मऊ. "पण तू जाणतेस, भागू. त्या घरात चुलीशी आपण दोघीच होतो. सदूच्या पोटात माझ्या हातचं काय गेलं आणि डाक्टरला कोण नको म्हणालं, ते तुझ्याबिगर कोणाला म्हाईत नाय. मी विष घालते असं तुला खरंच वाटत असंल तर दात मिटून पड आणि मर. खोटं बोलली असशील तर हात पुढं कर."

निलेश म्हणाला, "आई?" म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं. तिला मरायचं नव्हतं हो. सदूला तरी कुठं मरायचं होतं?

तिनं हात पुढं केला.

मैनानं तो धरला, पण सुई वरच ठेवली. "तोंडानं."

"हिनं काय घातलं नव्हतं," भागूबाई म्हणाली. "डाक्टरला मी नको म्हटलं. लोकं माझ्यावर येतील म्हणून मी हिच्यावर ढकललं."

एका बाईनं तोंडाला पदर लावला. दुसरी हळूच म्हणाली, "आणि आमी पंचवीस वर्षं..." मैनानं शीर शोधली, सुई एका झटक्यात आत. सलाईन सुरू केलं, थेंब बरोबर केले, पट्टी चिकटवली. मंग खोलीत आली, दार लावलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली, अशी रडली, की माझा पदर पिळायला लागला. तीन नंबरच्या बाईनं तोपर्यंत उशीखालची गोळी काढून गिळलेली.

आणल्यापासनं नवव्या दिवशी भागूबाई चालत घरी निघाली. डोळे पांढरे, भूक लागलेली. मैनाच्या पायाला हात लावायला वाकली, तर मैना मागं सरली. "पायाबियाचं राहू दे. तुला शिक्षा हाय. ह्यापुढं तुमच्या गावात कोणाला ताप भरला तर दुसऱ्या दिवसाच्या आत तू स्वतः त्याला इथं घेऊन यायचं. फोन करायचा नाय, निलेशला पाठवायचं नाय. तू यायचं. आणि इथं सगळ्यांसमोर सांगायचं, सदू कसा मेला ते. पहिल्या दिवसापासनं. जितकी वर्षं जगशील तितकी वर्षं." म्हातारीनं मान हलवली.

मी नंतर विचारलं, "माफ केलंस की काय तिला?"

"बरी केली," मैना म्हणाली. "माफ नाय केली."

ह्या पावसाळ्यात तीन वेळा आली भागूबाई. मागल्या मंगळवारी वाल्मिक नावाच्या जवान माणसाला घेऊन आली, पाचच महिने झालेत लग्नाला, बायको बरोबर, रडत होती. ताप कालचाच. ओपीडीत वीस-पंचवीस माणसं बसलेली. मैना टेबलाशी वाल्मिकच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती. त्याच्या बायकोला म्हणाली, "रडू नको गं, वेळेत आणलाय, आठ दिवसांत घरी जाईल. देवाचे आभार मान. आणि हिचे बी मान, हिनं आणलाय." मंग मान वर न करता म्हणाली, "हं, भागूबाई."

म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली आणि सुरू झाली. लावणीचे दिवस होते. माझ्या धाकट्या दिराला ताप आला. जाऊ म्हणाली डाक्टरकडं नेऊ, मी नको म्हटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत ठीक सांगितलं. पाचव्या दिवसावर आली आणि आवाज बसला. ओठ हलतात, शब्द नाय. तोंडावरनं पाणी वाहतंय. मला, ह्या धोंडूबाईला, तिची दया आली हो. मी पाण्याचा ग्लास घेऊन निघाले.

मैनानं पट्ट्यातली हवा सोडली, वाल्मिकचा आकडा लिहून घेतला.

"मोठ्यानं, भागूबाई," ती म्हणाली. "मागच्या बाकड्यावर ऐकू जात नाय."